'हात लावू नका' या सल्ल्याला उत्तर

हायड्रॉलिक क्लचची मोटरसायकल घेणाऱ्याला गाडीच्या चाव्यांबरोबर एक सल्लाही मिळतो : क्लचच्या ऑइलला घरी हात लावायचा नाही. विक्रेता तो देतो, सर्व्हिसला गाडी घेणारा सुपरवायझर देतो आणि रविवारी सकाळी लोणावळ्याच्या वाटेवर चहाला थांबलेले जुनेजाणते रायडरही देतात. एरवी हीच माणसे चेनला वंगण स्वतः लावतात, इंजिन ऑइल स्वतः बदलतात, स्पार्क प्लग काढून साफ करतात. पण हँडलच्या डाव्या बाजूच्या छोट्या डबीचे झाकण उघडायचे म्हटले की सगळ्यांचा सूर एकच लागतो : हवा शिरेल, क्लच बसून जाईल, गाडी टेम्पोत घालून न्यावी लागेल.

हा सल्ला काळजीपोटी दिला जातो, यात शंका नाही. पण तो चुकीचा आहे आणि त्याने गाड्यांचे नुकसान होते. ज्याला 'हात लावू नका' म्हणून सांगितले जाते, तो मालक ते काम सर्व्हिस सेंटरकडूनही करून घेत नाही. इंजिन ऑइल, फिल्टर, चेन, धुलाई एवढे जॉब कार्डवर आपोआप चढते. क्लचच्या ऑइलचे नाव मालक काढत नाही आणि पुष्कळदा समोरचाही काढत नाही. वर्षे जातात. नवे असताना फिकट पिवळे, आरपार दिसणारे ऑइल डबीच्या काचेतून कोऱ्या चहासारखे दिसू लागते, तरी कोणी लक्ष देत नाही. घरी काम करून गाडी बिघडल्याची उदाहरणे सगळे सांगतात. कोणीच काम न केल्यामुळे जी यंत्रणा आतून कुजते तिचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो इथे मांडायचा आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण भीतीचे मूळ न समजण्यात आहे. साध्या गाडीत क्लचचा लिव्हर ओढला की वायर ओढली जाते. हायड्रॉलिक क्लचमध्ये वायरच्या जागी द्रव असतो. लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो, नळीतल्या द्रवावर दाब येतो, तो दाब इंजिनाला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो, पिस्टन पुशरॉडला ढकलतो आणि पुशरॉड प्रेशर प्लेट उचलतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो; इथे तो हाताशी येतो. वायर ताणली जाते, गंजते, तिला अधूनमधून ॲडजस्ट करावे लागते; द्रवाला यातले काही लागत नाही. क्लच प्लेट झिजल्या तर यंत्रणा स्वतःच तेवढी जुळवून घेते. १९९९ साली आलेल्या सुझुकी हायाबुसापासून डुकाटी, कावासाकी आणि हार्ले-डेव्हिडसनच्या अनेक मोठ्या गाड्यांपर्यंत ही पद्धत वापरली गेली ती याच गुणांमुळे. एक डबी, एक नळी, दोन पिस्टन, काही रबरी सील. एवढीच ही यंत्रणा आहे.

आता विरोधकांचा पहिला मुद्दा. ते म्हणतात, ब्रेकचे ऑइल बदलायला हवे कारण ब्रेक तापतात. क्लचमध्ये घर्षणाची उष्णता द्रवापर्यंत पोहोचत नाही, मग तिथले ऑइल कशाला बदलायचे? हा मुद्दा वरवर शास्त्रशुद्ध वाटतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

बहुतेक हायड्रॉलिक क्लचमध्ये ब्रेकचेच ऑइल असते, बहुधा डॉट ४ दर्जाचे. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक ११६ नुसार डॉट ४ द्रवाचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे हा द्रव हवेतली आर्द्रता शोषतो हे मानकानेच गृहीत धरले आहे. रबरी नळीच्या भिंतीतून आणि डबीच्या झाकणाखालच्या रबरी पडद्यातून ओल हळूहळू आत शिरतच राहते. गाडी चालवली काय किंवा झाकून ठेवली काय, हे थांबत नाही. आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. मुंबईत आणि कोकणच्या किनारपट्टीवर बाकीचे महिनेही फार कोरडे नसतात.

क्लचचा द्रव उकळण्याइतका तापत नाही, हे मी मान्य करतो. स्लेव्ह सिलिंडर इंजिनाच्या अंगालाच घट्ट बसवलेला असतो आणि वाहतूक कोंडीत पंखा सुरू होतो तेव्हा इंजिनातले पाणी शंभर अंशांच्या आसपास असते. तरीही द्रवाचे तापमान १५५ अंशांपर्यंत पोहोचत नाही. पण उकळणे हे पाण्याचे एकमेव दुष्कृत्य नव्हे. ओल शोषलेल्या जुन्या द्रवातली गंजरोधक द्रव्ये वर्षागणिक खर्ची पडतात. मग मास्टर सिलिंडरच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर बारीक खड्डे पडू लागतात. त्या खड्ड्यांवरून सीलची कड रोज शेकडो वेळा घासली जाते. सील कापला जातो, रबराचे काळे कण द्रवात मिसळतात, आणि हा सगळा गाळ खाली स्लेव्ह सिलिंडरमध्ये साठतो. क्लचचे ऑइल काळवंडते ते यामुळे. मास्टर सिलिंडरमध्ये द्रव डबीत परत जाण्यासाठी एक अगदी बारीक छिद्र असते. त्यात कचरा अडकला तर लिव्हर सोडल्यावरही दाब पूर्ण उतरत नाही. प्लेट अर्धवट सुटलेल्या राहतात, क्लच घसरू लागतो आणि मालक बिचारा प्लेट संपल्या समजून हजारोंचा खर्च करून बसतो. यातल्या कुठल्याही गोष्टीला उकळण्याची गरज लागत नाही.

हा केवळ तर्क नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये सुझुकीने आपल्या जीएसएक्स-आर मालिकेतल्या गाड्या पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरसाठी परत मागवल्या. जीएसएक्स-आर ६०० आणि ७५० ची २००४ ते २०१३ ची, तर जीएसएक्स-आर १००० ची २००५ ते २०१३ ची मॉडेले त्यात होती. कारण असे दिले गेले : ऑइल दीर्घकाळ न बदलल्याने त्यात ओल साठते, पिस्टनच्या पृष्ठभागावरची प्रक्रिया सगळीकडे सारखी नसेल तर तो गंजतो, गंजताना वायू तयार होतो आणि तो वायू मास्टर सिलिंडरमध्ये साठून ब्रेकचा दाब कमी करतो. हे सारे हँडलवर घडते, तापलेल्या कॅलिपरपासून दूर, जिथे उष्णतेचा प्रश्नच नाही. हे उदाहरण ब्रेकचे आहे, क्लचचे नाही. पण दोन्हीकडे रचना तीच, द्रव तोच आणि न बदलण्याची सवयही तीच.

त्या गाड्यांपैकी एकीचा अपघात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात न्यायालयात गेला. ज्युरीने कंपनीला दोषी धरले, पण ४९ टक्के दोष गाडीच्या मालकावर ठेवला. पुस्तिकेत दर दोन वर्षांनी ऑइल बदला असे लिहिलेले असताना त्याने गाडी घेतल्यापासून ते एकदाही बदलले नव्हते. त्यामुळे नुकसानभरपाई जवळपास निम्म्याने घटली आणि २०२० मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती विभागणी कायम ठेवली. भागात दोष असताना, तो कंपनीने मान्य केलेला असतानाही, न बदललेल्या ऑइलची जबाबदारी मालकाच्या पदरात पडली. 'गरज काय' म्हणणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

दुसरा मुद्दा हवेचा, आणि खरी भीती याचीच आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला तर लिव्हरचा प्रवास तो बुडबुडा दाबण्यातच संपतो आणि प्लेट सुटत नाहीत. हे खरे आहे. पण हवा शिरते कुठून, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ऑइल बदलताना नळी सोडायची नसते, नळी सिलिंडरला जोडणारा बँजो बोल्ट खोलायचा नसतो, सिलिंडर उघडायचा नसतो. हवेला दोनच वाटा उरतात : वरची डबी रिकामी झाली तर तिथून, आणि खालचा, स्लेव्ह सिलिंडरवरचा ऑइल बाहेर सोडण्याचा निप्पल उघडा असताना लिव्हर सोडला तर तिथून. या दोन्ही गोष्टी माणसाच्या हातात आहेत. डबी कधीही खालच्या रेषेखाली जाऊ द्यायची नाही, आणि निप्पल बंद केल्याशिवाय लिव्हर सोडायचा नाही. हे दोन नियम पाळणाऱ्याच्या गाडीत हवा शिरायला वाटच राहत नाही.

कामाचा क्रमही सांगतो, म्हणजे हे किती अवघड आहे ते वाचकानेच ठरवावे. गाडी सरळ उभी करावी, मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते आणि क्लचची डबी तर डावीकडेच असते. हँडल असे वळवावे की डबी आडवी समतल राहील. टाकी, मडगार्ड, फेअरिंग जुन्या चादरीने झाकावे, कारण हा द्रव रंग खातो. सांडलाच तर पुसत बसू नये, लगेच भरपूर पाण्याने धुवावा. तो पाण्यात विरघळतो. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा असावा. झाकणाचे स्क्रू खोलताना घाई नको. जपानी गाड्यांवरच्या फुलीच्या स्क्रूची खाच आपल्याकडच्या साध्या फुली स्क्रूड्रायव्हरपेक्षा थोडी वेगळी असते. चुकीचे टोक लावून जोर केला की खाच घसरते आणि दहा मिनिटांचे काम दुपारभर लांबते. त्या खाचेचा, जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर आधी मिळवावा.

झाकण, रबरी पडदा काढल्यावर डबीतले जुने ऑइल सिरिंजने ओढून घ्यावे, तळाचा गाळ धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने टिपावा आणि नवे ऑइल भरावे. या काळात लिव्हरला हात लावायचा नाही. मग खाली स्लेव्ह सिलिंडरच्या निप्पलवरचे रबरी टोपण काढावे, निप्पलवर आधी रिंग पाना आणि त्यावर पारदर्शक नळी चढवावी, नळीचे दुसरे टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवावे. लिव्हर सावकाश दोन-चारदा दाबून ओढून धरावा, निप्पल पाव फेरा सोडावा, ऑइल नळीतून बाहेर येईल, निप्पल बंद करावा, मग लिव्हर सोडावा. पुन्हा तेच. दर काही वेळांनी वर डबीत ऑइल घालत राहावे. नळीतून येणारा रंग आधी काळपट, मग तपकिरी, मग बाटलीतल्या नव्या ऑइलसारखा फिकट होतो. बुडबुडे दिसेनासे झाले की काम झाले. निप्पल लहान आणि नाजूक असतो, त्याला साधारण ६ ते ८ न्यूटन-मीटर एवढाच जोर पुरतो. हातात ताकद आहे म्हणून पाना दाबला तर तो तुटतो. लागले काय? एक पाना, हातभर नळी, एक सिरिंज, एक सीलबंद बाटली. यात कुठलेही यंत्र नाही. व्हॅक्यूम पंप असेल तर वेळ वाचतो, नसेल तर काहीही अडत नाही.

आणि समजा, एखादा बुडबुडा राहिलाच, तरी प्रलय होत नाही. तो बहुधा वरच, मास्टर सिलिंडरजवळच्या बँजोपाशी अडकतो, कारण हवेला वर जायचे असते. नळीला बोटाने टिचक्या मारल्या, लिव्हर हलका हलका हलवला की डबीत बुडबुडे उगवताना दिसतात. तरीही लिव्हर मऊ वाटला तर तो मुठीला दोरीने बांधून रात्रभर ठेवावा आणि सकाळी सोडून पाहावा. राहिलेली हवा वर सरकून डबीतून निघून जाते. मेकॅनिकही हीच युक्ती वापरतात.

इथे माझा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. मोटरसायकलच्या हायड्रॉलिक कामांमध्ये घरी शिकायला सर्वांत सुरक्षित काम कोणते, असे विचारले तर उत्तर क्लच हेच आहे. ब्रेकमध्ये चूक झाली तर ती कदाचित उतारावर, वेगात, नेमक्या नको त्या क्षणी कळते. शिवाय आजच्या बहुतेक गाड्यांच्या ब्रेकच्या वाटेत एबीएसचे युनिट असते आणि त्यातली हवा काढायला काही गाड्यांत संगणक जोडावा लागतो. क्लचच्या वाटेत तसले काही नाही. आणि क्लचमधली चूक गाडी जागेवर असतानाच कळते. इंजिन सुरू करा, ब्रेक धरा, क्लच दाबून पहिला गिअर टाका. गाडी पुढे ढकलू पाहत असेल, गिअर खटकन आदळत असेल, न्यूट्रल सापडत नसेल तर हवा राहिली आहे. मिनिटभर लिव्हर धरून ठेवा. गाडी हळूहळू सरकू लागली तर कुठेतरी गळती आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शून्य वेगात हा निकाल लागतो आणि दोन्ही ब्रेक त्या वेळी शाबूत असतात. 'ब्रेकला हात लावू नका' असे नवख्याला सांगितले तर मी समजू शकतो. क्लचलाही तोच नियम लावणे म्हणजे जिथे चुकून शिकता येते ती एकमेव जागाही बंद करणे आहे.

तिसरा मुद्दा चुकीच्या ऑइलचा. लोक काहीही ओततात, म्हणून त्यांना रोखावे, असे म्हणतात. धोका खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सगळ्याच हायड्रॉलिक क्लचमध्ये ब्रेकचे ऑइल नसते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या आर १२०० जीएसमध्ये आणि मागुरा बनावटीचा क्लच असलेल्या केटीएमच्या काही गाड्यांत खनिज तेल असते. तिथले सील त्या तेलासाठी बनवलेले असतात. त्यात डॉट ४ गेले तर ते खराब होतात, आणि डॉट ४ च्या यंत्रणेत खनिज तेल गेले तर तिथले सील फुगून निकामी होतात. इंजिन ऑइल किंवा रॉकेल लावलेले फडकेसुद्धा त्या सीलजवळ नेऊ नये. डॉट ५ हे तर सिलिकोनचे असते आणि डॉट ३, ४, ५.१ यांच्यात ते मिसळत नाही. आकड्यांवरून ते ४ आणि ५.१ च्या मधले वाटते, पण त्यांच्या कुळातले नाही.

पण या सगळ्याचे उत्तर डबीच्या झाकणावर कोरलेले असते. कोणते ऑइल घालायचे ते तिथे लिहिलेले असते, पुस्तिकेतही असते. वाचता येणाऱ्या माणसाला ही चूक टाळता येते. उलट गॅरेजमध्ये काय होते ते पाहा. फळीवर उघड्या तोंडाची बाटली असते, ती कधी उघडली कोणाला आठवत नाही, आणि प्रत्येक गाडीत तिच्यातलेच थोडे थोडे जाते. ओल शोषणाऱ्या द्रवाच्या बाबतीत उघडी जुनी बाटली म्हणजे जुनेच ऑइल. घरी काम करणारा नवी सीलबंद बाटली आणतो, त्याच दिवशी उघडतो, उरलेले पुढच्या कामासाठी ठेवत नाही. दर्जाच्या कसोटीवर घरचे काम इथे हरत नाही.

याच संदर्भात पातळीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती अनुभवी लोकही चुकतात. ब्रेकच्या पॅड झिजल्या की डबीतली पातळी खाली जाते. बहुतेक मोटरसायकलींच्या क्लचमध्ये उलटे घडते : प्लेट झिजतात तसा पुशरॉड स्लेव्हच्या पिस्टनला मागे ढकलतो आणि डबीतली पातळी वर चढते. म्हणून क्लचची डबी काठोकाठ भरायची नाही. वरच्या रेषेवर थांबायचे. आणि क्लचच्या डबीतली पातळी खाली जाताना दिसली तर त्यात नुसती भर घालून गप्प बसायचे नाही, ती गळतीची खूण आहे. हे मालकाला माहीत असेल तर तो महिन्यातून एकदा काचेकडे पाहून वेळेत सावध होईल. 'हात लावू नका' म्हणणारे त्याला बघायलाही शिकवत नाहीत.

चौथा मुद्दा वॉरंटीचा : घरी काम केले तर ती जाईल, असे म्हणतात. वॉरंटीच्या काळात शंका असेल तर काम अधिकृत केंद्रात करून घ्यावे, माझी हरकत नाही. फक्त जॉब कार्डवर ते लिहून घ्यावे आणि नवी बाटली समोर उघडायला सांगावी. पण पुस्तिका सहसा दर दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात आणि अनेक मोठ्या गाड्यांची वॉरंटी साधारण दोन-तीन वर्षांचीच असते. म्हणजे गाडीच्या उरलेल्या साऱ्या आयुष्यात ही सबब लागूच पडत नाही. शिवाय काही कंपन्यांच्या पुस्तिका असे काम विक्रेत्याकडून करून घ्या म्हणताना एक अपवादही नोंदवतात : मालकाकडे योग्य हत्यारे, माहिती आणि यांत्रिक कौशल्य असेल तर ते त्याने स्वतः करावे. कंपनीने उघडे ठेवलेले दार बंद करण्याचा अधिकार सल्ला देणाऱ्यांना कोणी दिला?

कायद्याचा कलही मालकाच्या बाजूने आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना न मिळू देणे, हा ठपका होता. आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. दंडाची लढाई पुढे अपिलांत गेली आणि आदेश चारचाकींपुरता होता, हे खरे. पण तत्त्व स्पष्ट आहे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, आणि शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर वाहनेही त्यात आहेत. विकत घेतलेली वस्तू समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क ग्राहकाचा आहे, ही भूमिका आता सरकारही घेते आहे.

शेवटी एक भावनिक आक्षेप येतो : मालकच सगळे करू लागले तर मेकॅनिकच्या पोटावर पाय येईल. चांगल्या मेकॅनिकचा असा अपमान कोणी करू नये. त्याची रोजी ऑइल बदलण्यावर चालत नाही. ती चालते इंजिन उघडण्यावर, आवाज ऐकून दोष ओळखण्यावर, क्लच प्लेट आणि टायमिंगच्या कामांवर. ज्याने स्वतःच्या हाताने ऑइल बदलले आहे तो ग्राहक मेकॅनिकला नेमकी तक्रार सांगतो, आणि मेकॅनिकच्या कसबाची किंमतही त्यालाच कळते. शिवाय मोठ्या गाड्यांची अधिकृत केंद्रे मोठ्या शहरांतच आहेत. सिंधुदुर्ग, लातूर किंवा गडचिरोलीच्या मालकाने दीडशे मिलीलिटरही न लागणाऱ्या ऑइलसाठी दिवसभराचा प्रवास करावा, असे सांगणे म्हणजे त्याला ते काम करूच नकोस म्हणणे आहे.

घरी काय करू नये, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. लिव्हर एकसारखा दाबून धरल्यावर तो हळूहळू आत बुडत असेल तर सील गेला आहे. नवे ऑइल ओतून तो बरा होत नाही, रबर किट बदलावे लागते. स्लेव्ह सिलिंडरभोवती ओल दिसत असेल तर आधी गळतीचे निदान. हायाबुसाच्या जुन्या पिढ्यांत स्लेव्ह सिलिंडर पुढच्या स्प्रॉकेटशेजारी असतो. चेनचे वंगण आणि चिखल तिथे साचतो, म्हणून तिथे गळती आधी पाहावी. नळीला भेगा असतील तर नळी बदलावी. आणि काढलेले जुने ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. बाटलीत बंद करून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. ज्याला हे नियम पाळायचे नाहीत त्याने खरोखरच हात लावू नये. पण तो नियम बेफिकीर माणसासाठी आहे, सर्वांसाठी नाही.

आता वाचकांना सांगणे एवढेच. पावसाळा संपू द्या. ओल्या हवेत डबी उघडू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एक सुट्टीची सकाळ काढा. आधी पुस्तिकेतले ते पान वाचा, झाकणावरचा दर्जा पाहा, त्याच दर्जाची सीलबंद बाटली आणा. पहिल्यांदा करत असाल तर हे काम केलेल्या मित्राला शेजारी उभे करा. काम झाल्यावर जागेवर तपासा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासा, मगच रस्त्यावर जा. तारीख आणि किलोमीटर पुस्तिकेत लिहून ठेवा आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच करा. आणि पुढच्या वेळी कोणी नव्या मालकाला 'हात लावू नका' म्हणाले, तर त्याला थांबवा आणि निप्पल बंद केल्याशिवाय लिव्हर का सोडायचा नाही, ते समजावून सांगा. गाडीच्या मालकाला ते ज्ञान मिळालेच पाहिजे.